मामा आधी परसदार बघतात

घर विकत घ्यायला निघालं की घर मिळायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून मिळायला लागतात. आमच्याकडे इतके साठलेत की पाहुणे आले की "तो डांबराचा सांग ना" अशी फर्माईश होते.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. सगळी नोकरी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये गेली. रिटायरमेंट तोंडावर आली, म्हणजे क्वार्टर सोडायची वेळ आली. बायकोचं, सुनंदाचं, एकच म्हणणं होतं, "फ्लॅट नको. आजवर दुसऱ्याच्या घरात राहिले. आता पायाखाली स्वतःची माती पाहिजे."

माती म्हटल्यावर तिने सायखेड्याहून तिच्या वडिलांना बोलावलं. ती त्यांना दादा म्हणते, मी मामा. ऐंशीच्या घरातला शेतकरी गडी, डोक्यावर टोपी आणि हातातल्या पिशवीत खुरपं. घर बघायला खुरपं कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

*

पहिलं घर पाथर्डी फाट्याजवळचं रो-हाऊस. आमचे एजंट राजूभाऊ मॉड्युलर किचनचे ड्रॉवर कसे अलगद बंद होतात ते दाखवत होते. मालकीणबाईंनी सरबत आणलं आणि बघतो तर मामा गायब.

सापडले मागच्या लॉनवर. उकिडवे बसलेले, पुढ्यात वीतभर खड्डा.

"जावईबापू, इकडं या."

त्यांनी गवताचं एक पातं धरून हळूच ओढलं. खाली काळी गाठ. गाठीला दोऱ्यासारखं मूळ, त्याला दुसरी गाठ, तिच्या पुढे तिसरी. मामा उकरत होते आणि माळ संपतच नव्हती! हा लव्हाळा. मामांनी एक गाठ नखाने फोडून माझ्या नाकाशी धरली. उदबत्तीच्या दुकानात येतो तसा वास. एवढ्या हलकट तणाला इतका सुंदर वास असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो, आमचा माळी दर आठवड्याला काढतो ते."

मामा शांतपणे म्हणाले, "ताई, घर याचं हे. तुम्ही भाडेकरू."

*

राजूभाऊ हुशार माणूस. पुढचं घर त्यांनी गंगापूर रोडला असं काढलं, की गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं डांबर.

"बाबा, इथं उकरायला काहीच नाही," म्हणाले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मामा फेरी मारून आले आणि नळाजवळ थांबले. डांबराला फोड आला होता. फोडाच्या मधोमध लव्हाळ्याचं सुईसारखं हिरवं टोक.

मला वाटलं, आता खुरपं निघणार. मामांनी टोपी काढली.

"तण येऊ नये म्हणून टमाट्याला मल्चिंगचा कागद टाकला होता, तो फाडून हा वर आला. औषध मारलं, नांगरलं, रोज खुरपलं. माझे गुडघे गेले याच्यापायी. हा हाय तसा हे."

आम्ही सगळेच त्या टोकाकडे बघत राहिलो. मी दिवसभर राक्षसासारख्या टर्बाइनच्या शेजारी काम करणारा माणूस, पण ताकद म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं.

*

तिसऱ्या घराच्या वेळी राजूभाऊंनी आदल्या आठवड्यात गुपचूप तणनाशक मारून घेतलं. आम्ही पोचलो तर सगळी बाग करपून तपकिरी.

मामांनी दारातूनच पाहिलं, चप्पल बाहेर काढली आणि मालकांना हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

*

नंतरचं घर एका हौशी प्राध्यापकांचं. अंगणात सिमेंटचं टाकं, टाक्यात गुबगुबीत हिरवी पानं आणि जांभळी फुलं.

"नर्सरीतून मुद्दाम आणलंय," प्राध्यापक म्हणाले.

मामा बघतच राहिले. "सर, ह्या पाणवेली हेत. ह्यांच्यापायी आमच्या गावाला गोदामाई दिसंना. अन् तुम्ही पैसे देऊन आणल्या?"

सुनंदाने कपाळाला हात लावला. पण निघताना मामा पुन्हा टाक्यापाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "फूल लय देखणं हे. खोटं कशाला बोला."

*

असं करता करता घरं संपत आली. रिटायरमेंट काही थांबणार नव्हती. एकदा बसस्टॉपवरच सुनंदाचा बांध फुटला.

"दादा, बिनतणाचं घर आता स्वर्गातच मिळेल!"

"तिथलं मी आधी जाऊन बघनारच हे," मामा म्हणाले.

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मामांनीही पाहिलं.

*

मग देवळाली कॅम्पमधला तो बैठा बंगला. कौलारू, पुढे चाफा, मागे मोकळी जागा. सुनंदा खोल्या न बघताच मागे गेली. चपला काढून मातीत उभी राहिली आणि एकटीच बोलायला लागली. "इथे कढीपत्ता. इथे जाई. इथे दोन खुर्च्या."

मामा तिच्या पाठीमागे, कंपाउंडच्या कोपऱ्यात बसले होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्यांनी उकरलं, काहीतरी ओढलं, बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं. मग बराच वेळ तसेच बसून राहिले. लेकीकडे बघत.

उठताना त्यांनी खड्डा बुजवला, वरून पायाने दाबला आणि मूठ खिशात घातली.

सुनंदा वळली. "दादा?" एवढंच म्हणाली. पुढे विचारायचं तिला धैर्य होईना.

"काय नाय. सोन्यासारखी माती हे. घे."

बंगला घेतला. आता दर शनिवारी मामा सायखेड्याहून बसने येतात, नाशिकरोडला बस बदलून. चहा झाला की मागे जातात ते जेवायला हाक मारेपर्यंत येत नाहीत. जेवले की पुन्हा मागे. संध्याकाळी गुडघे धरून उठतात, नखं काळी झालेली असतात.

परवा सुनंदाने विचारलं, "दादा, एवढा वेळ मागे काय करता हो?"

"ऊन खातो," मामा म्हणाले.