कपाटातलं वायफाय

साहेबांचा जन्म कचेरीत कुलपं लावण्यात गेला. निवृत्तीनंतर घरी वायफाय आलं, तेव्हा कुणी हात लावू नये म्हणून त्यांनी लोखंडी कपाटाला मागून भोक पाडलं, वायरी आत घेतल्या आणि राउटरही कुलूपबंद केला. नेट अडखळलं की कंपनीला फोन करून सगळ्यांचा उद्धार करायचे.

बायको एकदा म्हणाली, "लोखंडात कोंडलंय, बाहेर कसं येईल?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

त्यानंतर तिने त्यांच्या नादाला लागणंच सोडलं.

आज कपाटातून चष्मा काढल्यावर दार उघडंच राहिलं आणि नेट सुसाट सुटलं. साहेब छाती फुगवून म्हणाले, "बघ, कंपनीवाल्यांना झापलं की सुतासारखे सरळ होतात."

"हो ना," म्हणत ती उठली आणि कपाटाला कुलूप घालून आली.