किशोरीबाईंचे दहा पॉइंट नऊ

उरणकडच्या एका खाडीकाठच्या हायस्कुलात किशोरी घरत विज्ञान शिकवतात. बाप मिठागरात राबलेला, नवरा कंटेनरच्या यार्डात, आणि बाईंचा पारा कायम चढलेला. पोरं मागून त्यांना ‘उकळबिंदू’ म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे. एकदा वर्गात म्हणाल्यासुद्धा, ‘नाव ठेवलंत ते ठीक, पण व्याख्या कोण सांगणार?’ एकानेही सांगितली नाही. मग सगळा वर्ग बाकावर उभा.

या शाळेला प्रयोगशाळा आहे, म्हणजे तशी पाटी आहे. आत एक कपाट, दोन तडकलेल्या परीक्षानळ्या आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती. तरीही बाई दर आठवड्याला पोती एका भिंतीला सरकवून पोरांना तिथे नेत. आता ती खोलीही जायला निघाली होती. कुठल्याशा कंपनीने मोठा टीव्ही देऊ केला होता आणि हेडसरांना त्यासाठी जागा हवी होती.

‘टीव्हीवर प्रयोग दिसतील की,’ हेडसर म्हणाले.

‘टीव्हीवर जेवणही दिसतं. पोट भरतं का?’

हेडसर शांत माणूस. शांत माणसं जास्त त्रास देतात. ते म्हणाले, ‘श्रीवर्धनला संमेलन आहे. पुण्याच्या प्रशिक्षणासाठी तिथून एक शिक्षक निवडतायत. ज्याची निवड होईल त्याच्या शाळेला प्रयोगाचं सगळं साहित्य मिळेल, मात्र शाळेने खोली द्यायची. निवडून या, खोली तुमची. नाही तर सोमवारी कपाट व्हरांड्यात.’

म्हणून बाई शनिवारी पहाटेच उरणच्या शिक्षकांनी ठरवलेल्या जीपमध्ये बसून श्रीवर्धनला पोचल्या.

विज्ञान शिक्षकांचं संमेलन कसं असतं ते ज्याने पाहिलं नाही त्याचं फारसं बिघडलेलं नाही. दारात पिशवी मिळते. पिशवीत पेन, वही आणि कुठल्या तरी क्लासची जाहिरात. व्यासपीठावर दीप लावतात, काड्या विझतात, भौतिकशास्त्राचे पदवीधर पंख्याकडे बघत राहतात. मग भाषणं. त्या दिवशीचा विषय होता ‘व्यावसायिक विकासाच्या संधी’. संधी बऱ्याच होत्या. ऑनलाइन कोर्स होते, प्रमाणपत्रं होती, पुण्याची ती एक जागाही होती. पण ते प्रशिक्षण दिवाळीच्या सुट्टीत होतं, आणि हे जाहीर होताच अर्ध्या सभागृहाचा विकास जागच्या जागी थांबला.

बाईंच्या टेबलावर म्हसळ्याचे शिवदास सर होते. निवृत्तीला आलेले, हसरे, प्रत्येक संमेलनाला हजर. ‘बाई, नवीन दिसताय. इथला नियम साधा. सही झाली की फोटो, फोटो झाला की समुद्र. दिवेआगरला सुरमईची थाळी सांगून ठेवलीये मी.’

पण आधी प्रयोग करायचा होता. मुंबईच्या एका संस्थेतून हेतल मॅडम आल्या होत्या. बुटक्या, केस कापलेल्या, आवाज खणखणीत. पुण्याला कोण जाणार ते त्याच ठरवणार होत्या. त्यांनी प्रत्येक टेबलावर दोरा, लोखंडी गोळा, स्टॉपवॉच आणि लाकडी पट्टी ठेवली. लंबक करा, दोऱ्याची लांबी मोजा, झोके मोजा, त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढा. दहावीतल्या पोराला जमेल असं काम.

बाईंनी दोरा मोजला, झोके मोजले, गणित केलं. उत्तर आलं दहा पॉइंट नऊ.

‘सर, तुमचं घड्याळ चुकलं.’

‘माझं? मी बत्तीस वर्षं झोके मोजतोय, बाई.’

पुन्हा केलं. पुन्हा दहा पॉइंट नऊ. बाईंनी दोरा बदलला, पंखा बंद करायला लावला, शेजारच्या टेबलाशी त्यावरून वाद घातला. तरी आकडा हलेना.

शिवदास सरांनी कागद आपल्याकडे ओढला. ‘अहो, उत्तर माहितीये ना? नऊ पॉइंट आठ. मग वेळ किती यायला हवी ते मागून काढू.’ त्यांनी ती काढलीही, आणि तीन वाचनं थोडी थोडी वेगळी लिहिली, म्हणजे खरी वाटावीत. हात सराईत होता. बाईंनी खाली सही केली. त्यांचा हातही तितकाच सराईत होता. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये याहून वेगळं काय होतं?

हेतल मॅडमनी सगळे कागद गोळा केले, वाचले आणि माइक हातात घेतला.

‘अभिनंदन. सगळ्या टेबलांवर नऊ पॉइंट आठ. या सामानातून मला स्वतःला ते कधीच आलेलं नाही. येऊच शकत नाही. सामानात खोट आहे. मग तुम्हाला कुठून आलं?’

कोणी चष्मा पुसतंय, कोणी पिशवी आवरतंय. शिवदास सर छताकडे बघत बसले.

किशोरीबाई उठल्या.

‘मॅडम, खोटं सामान तुम्ही द्यायचं आणि खोटारडे आम्ही? नऊ पॉइंट आठ आलं नाही तर पोरांचे मार्क कोण कापतं? वरून येणारे परीक्षक. ते कुठून येतात? आकाशातून? वर्षानुवर्षं तुम्हीच शिकवलंत आणि आज माइकवरून लाज काढताय?’

‘तुमचं किती आलं होतं?’

‘दहा पॉइंट नऊ. दोनदा.’

‘आणि लिहिलंत?’

बाई खाली बसल्या. मागे कोणी तरी फिसकन हसलं.

‘पुण्याला कोणाला यायचं असेल,’ मॅडम म्हणाल्या, ‘त्याने जेवणानंतर इथे यावं. एकट्याने पुन्हा मोजायचं. जे येईल ते लिहायचं, आणि खोट कुठे आहे तेही.’

सुरमईपुरती जागा ठेवून जेवण झालं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाला. सुपारीच्या बागेला लागून गाड्या उभ्या होत्या, त्या भराभर भरल्या. उरणची जीपही सुरू झाली.

‘बाई, बसा! मग एसटीने गाड्या बदलत मराल!’

‘मरेन. जा तुम्ही.’

शिवदास सर जाता जाता दारात थांबले. ‘एवढं बोलून आलात, आता ती बाई तुम्हाला घेणार होय? चला, सुरमई गार होईल.’

‘माझ्या वाटची पण खा, सर.’

सभागृहात बाई एकट्याच. खुर्च्या उचलणारी माणसं आणि कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या हेतल मॅडम. बाईंनी पुन्हा लंबक टांगला. दहा पॉइंट नऊ. मग दोरा बाजूला टाकला आणि एकेक वस्तू उलटसुलट करून पाहिली. पर्समधून प्लॅस्टिकची छोटी पट्टी काढून लाकडी पट्टीला लावली. आकडे जुळेनात. लाकडी पट्टीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. बाईंनी नखाने ती सोलली. पहिले पाच सेंटिमीटर करवतीने कापलेले. अर्धा मीटर म्हणून मोजलेला दोरा मुळात पंचेचाळीस सेंटिमीटरच होता, म्हणून उत्तर फुगत होतं.

आलेला आकडा आणि ही खोट कागदावर लिहून, पट्टी घेऊन बाई मॅडमच्या टेबलाशी गेल्या. मॅडमनी कागद वाचला.

‘सकाळी हेच आकडे होते. का नाही लिहिले?’

‘माझी पोरं लिहितात तेव्हा मी लाल पेन मारते म्हणून.’

मॅडमनी दाराकडे पाहिलं. दुसरं कोणी येण्याचं लक्षण नव्हतं. ‘दिवाळीत जमेल?’

‘फराळ नवरा करील. नाही तर विकतचा आणील.’

मॅडमनी निवडीच्या पत्रावर त्यांचं आणि शाळेचं नाव लिहून ते समोर सरकवलं. बाईंनी ते नीट वाचलं, घडी घातली. शाबासकीची वाट पाहिली नाही, मिळालीही नाही.

‘ही पट्टी मला द्या.’

‘ती संस्थेची आहे.’

‘बरं. मी शाळेची कापीन.’

एसटी स्टँडवर बाईंनी शाळेतल्या ठमाबाईंना फोन लावला. ठमाबाई खिचडी शिजवतात, तांदळाची पोती त्या खोलीत म्हणून खोलीची चावी त्यांच्याच कनवटीला.

‘ठमाबाई, माझी निवड झाली. सोमवारी मी पत्र घेऊन येईपर्यंत खोली कुणाला उघडून द्यायची न्हाय.’

‘व्हय. पन हेडसर मागतील तं?’

‘सांगा, चावी बाईंकडं हाय.’

‘आवं, पन ती माझ्याकडं हाय ना!’

आज एक खोटा आकडा लिहून झाला होता.

‘मग उद्या तुमच्या घरी येऊन घेते. म्हणजे खरं होईल.’

‘बरं. अन् माझा तांदूल?’

‘पोती हलवायला मी पोरं देते. आता फोन ठेवा, एसटी लागली.’