गाण्यातली मोकळी जागा

घरच्या कॉम्प्युटरवरचा जुना प्लेअर आवाजाच्या फाइली उघडेनासा झाला, तेव्हा नवा शोधायचं काम माझ्याकडे आलं. दोन उतरवून पाहिले. एकात जाहिराती फार होत्या. दुसरा हलका होता, आणि त्यात 'शांत जागा वगळा' अशी सोय होती. पत्रकार परिषदांची रेकॉर्डिंगं ऐकताना वेळ वाचेल म्हणून मी तिथे खूण केली. घरातल्या सगळ्या फाइली यापुढे त्यातच उघडतील, असंही ठरवून टाकलं. आईला विचारलं नाही.

आई त्याच कॉम्प्युटरवर मावशीची कानबाई देवीची गाणी लावते. मावशी आता नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एक बाई ओळ सांगते आणि बाकीच्या ती परत म्हणतात. मावशीमागे ओळ सांगायचा मान आईकडे आला. रेकॉर्डिंगमध्ये मावशी एकटीच गाते. प्रत्येक ओळीनंतर बायकांसाठी थांबते. त्या थांब्यात ओळ परत म्हणून आई सराव करते.

नव्या प्लेअरवर तिची ओळ अर्धी व्हायच्या आत मावशी पुढची सुरू करू लागली.

"घाई करून राहिली ही," आई म्हणाली. "पहिल्यापासून अशीच. मला श्वास घेऊ देत नाही."

मी बातमी लिहीत होतो. वर न पाहता म्हणालो, "वय झालं आई, दम पुरत नसेल."

ती कॉम्प्युटर बंद करून आत गेली.

पुढे एका परिषदेचं रेकॉर्डिंग ऐकताना वक्त्याचं उत्तर प्रश्नाला चिकटून आलं. तो तर बराच वेळ गप्प बसला होता. मी समोर होतो. तेव्हा ती खूण आठवली. काढली, आणि आईला हाक मारली.

"मशीनची सेटिंग चुकली होती. माझीच चूक. तुझा दम ठीक आहे."

"राहू दे. समजूत काढू नको माझी," ती म्हणाली. "शेजारणीला सांगून टाकलं, औंदा तू सांग ओळ."

मी गाणं लावलं. मावशीची ओळ संपली. थांबा पूर्ण आला. आई मेथी निवडत राहिली. दुसऱ्या थांब्यात मीच ओळ म्हटली.

"असं नाही रे," आई म्हणाली, आणि तिसऱ्या थांब्यात ती ओळ नीट म्हणून दाखवली. दम पुरला. वर जागा उरली.

"शेजारणीला परत सांगू?" मी विचारलं.

"दिलेला मान परत मागतात का?" ती म्हणाली, आणि मेथीची पाटी घेऊन उठली.