बंद गठ्ठ्यांतली ऊब

दान गरजूंपर्यंत किती पोचतं, असा विषय निघाला की आमच्या गावात अजूनही माझं उदाहरण देतात. "गुरुजींच्या वेळी एक ब्लँकेट इकडचं तिकडं झालं नाही." खरं आहे. झालं नाही. इतकी वर्षं मी हे ऐकून घेतलं, मान डोलावली. आता उरलेलं सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तीर्थपुरीच्या बाजूला आमचं गाव. हिवाळ्याच्या तोंडावर गावाबाहेरची मजुरांची वस्ती जळाली. माणसं वाचली, पण अंथरूण-पांघरूण सगळं गेलं. जालन्याच्या एका व्यापाऱ्याने चारच दिवसांत ब्लँकेटांचे गठ्ठे पाठवले. मी मुख्याध्यापक, म्हणून मदत समितीचा सचिव. गठ्ठे शाळेच्या एका खोलीत ठेवले आणि किल्ली माझ्या खिशात.

समितीचे अध्यक्ष आडत दुकानदार होते. ते म्हणाले, "गुरुजी, शिलाई उसवू नका. शेटजींची इच्छा हाय, साहेबांच्या हातानं वाटप व्हावं."

साहेब म्हणजे आमचे पुढारी. त्यांची तारीख मिळेना. एकदा मिळाली, मांडव घातला, तर ते आलेच नाहीत. मांडव उतरवला. गठ्ठे तसेच.

वस्तीतली एक बाई शाळेत आली. तिचा सासरा गोणपाटावर झोपत होता.

"गुरुजी, म्हाताऱ्यापुरतं एक काढा. रातभर खोकून राह्यलाय."

"सगळ्यांना बराबर एकाच दिवशी मिळेल, बाई. आज तुला दिलं तर उद्या लाइन लागेल."

"लागू द्या की. थंडी काय एकट्या आमच्याच घरात शिरलीय?"

मी रागावून तिला परत पाठवलं. ती गेल्यावर अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते अडकित्त्याने सुपारी कातरत हसले. "इतके दिवस निघाले, आणखी चार दिवसांनी कोण मरतंय?"

मीही हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

म्हातारा त्याच थंडीत गेला. मातीला मी गेलो नाही. ब्लँकेटाने तो वाचला असता की नाही, हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. पण खोलीला कुलूप मी लावलं होतं, आणि ती खोली वस्तीपासून हाकेच्या अंतरावर होती.

साहेब आले तेव्हा दुपारी मांडवाखाली घाम येत होता. शेटजींना शाल-नारळ झाला. साहेबांनी कात्रीने शिलाई कापली, फोटोवाल्याने ती दोनदा कापायला लावली. मी माईकवर एकेका घराला पुकारत होतो. ती बाई आली. साहेब ब्लँकेट उलगडून तिच्या खांद्यावर टाकायला लागले, तशी ती मागे सरली.

"घडी मोडू नका, साहेब. ज्याला लागत व्हतं तो गेला. आता अंबडच्या बाजारात इकायचंय, घडी मोडली की भाव पडतो."

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं. मला ऐकू आलं होतं. माईक माझ्या हातात होता आणि समोर सगळं गाव बसलं होतं.

मी म्हणालो, "जोरात टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या.