यमुनाबाईच्या नावाचा पुकारा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — सांगितलं असतं तर तिनं मला पुन्हा ताट वाढलं असतं का? तुम्हाला सांगतोय, कारण आता माझ्याच्यानं हे धरवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मिरजगावच्या पलीकडच्या एका गावात मी तलाठी होतो. सरकारला धान्य हवं होतं, म्हणून विहीर बांधायला निम्मा खर्च सरकार देत होतं — फेडायचा नाही, नुसता घ्यायचा. आमच्या गावाच्या वाट्याला एकच विहीर आली. यादीत पहिलं नाव यमुनाबाईचं, दुसरं पाटलांच्या धाकट्या भावाचं.

यमुनाबाई विधवा. भावाला हाताशी घेऊन दोन वर्षं ती स्वतः विहीर खणत होती. पाणी लागलं होतं, पण वरची माती भुसभुशीत. दगडी बांधकामाशिवाय विहीर टिकायची नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पाटलांच्या भावाची विहीर? ती बांधलेलीच होती. बारमाही मोट चालायची तिच्यावर.

विहीर मंजूर करायला तालुक्याचे साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी पाटील चावडीवर आले. मला पैसे दिले असं समजू नका — लाच खाल्ली असती तर निदान लाचखाऊ तरी म्हणवून घेता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आप्पा, बाईमानसाला कशाला पायजे सरकारी इहीर? बगा काय ते." आणि मी मान हलवली. कशाला घाबरलो? बदलीला? गावात दूध-पाणी तुटेल म्हणून? खरं सांगू — भीती वाटायच्या आधीच मान हलली होती.

रीत अशी होती की साहेब चावडीत बसायचे आणि शिपाई दारात उभा राहून अर्जदाराच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा. जो हजर, त्याचीच विहीर पाहायला साहेब जायचे. बाकीच्यांचं नाव कटायचं. यमुनाबाईला हे काय ठाऊक? तिनं मलाच येऊन विचारलं. मी म्हणालो, "साहेब थेट विहिरीवर येतात. तू तिथून हलू नकोस."

"मंग सकाळधरनंच बसते तितं," ती म्हणाली. "लई उपकार झालं, आप्पा."

दुसऱ्या दिवशी शिपायानं तीनदा नाव पुकारलं. आवाज खणखणीत होता त्याचा, पण तिचं रान कोसभर लांब. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गैरहजर, साहेब."

उन्हं उतरल्यावर मी तिच्या रानाकडे गेलो. का गेलो? अजून कळलेलं नाही. विहिरीभोवती शेणसडा घातलेला, बाभळीखाली धुतलेलं घोंगडं अंथरलेलं. ती बाजूला उभीच होती — घोंगड्यावर साहेब बसणार होते ना! "आलं न्हाईत व्हय?" तिनं विचारलं. साहेबांना घाई होती, मी म्हणालो. "आसू द्या. तुमी तरी काय करनार?" असं म्हणून साहेबांसाठी झाकून ठेवलेला तांब्या तिनं माझ्यापुढे केला. सोवळंओवळं विसरून मी प्यालो. त्याच विहिरीचं पाणी. गोड होतं.

पुढच्या पावसाळ्यात गाळ काढायला ती खाली उतरली आणि दरड कोसळली. भाऊ वरून ओरडत राहिला. तिला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. सरकारी पैशानं पाटलांच्या भावाच्या विहिरीला तोवर नवा कठडा झाला होता.

पंचनामा मीच लिहिला. मरणाचं कारण लिहिलं — पाऊस. खोटं आहे ते. तिला मी मारलं.

अंगठा द्यायला तिचा भाऊ पुढे आला. रडत म्हणाला, "आप्पा, त्या दिशी सायब आलं आसतं तर—"

मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. त्याचा अंगठा धरला, शाईत टेकवला आणि कागदावर दाबला.