दौलत रंगाऱ्याचं जर्मन वैर

लोकांची वैरं बांधावरून होतात, पाण्यावरून होतात. कल्याणच्या दौलत रंगाऱ्याने वैर धरलं ते जर्मनीतल्या एका अख्ख्या गावाशी. माणूस पाच फुटी, पण शत्रू निवडताना कंजुषी नाही.

दौलतचा लाल रंग ठाण्यापर्यंत नावाजलेला. कापड तेलात आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवायचं, वाळवायचं, मग तुरटी, मग लाल रंग देणाऱ्या बारतोंडीच्या मुळ्यांचा काढा. महिना जायचा, घरादाराला वास सुटायचा, पण लुगडं फाटलं तरी रंग जायचा नाही. अशात जर्मनीहून लाल रंगाचे डबे आले. मुळ्या खणायला नकोत, कुटायला नकोत. भिवंडीचे रंगारी निम्म्या वेळात मोकळे होऊ लागले आणि दौलतची गिऱ्हाइकं तिकडे वळली.

ते डबे आणून विकणारा कोण, तर पोपट. दौलतचा सख्खा मेहुणा, बायकोचा, मालनचा धाकटा भाऊ. कल्याणातच गाठोडं फिरवून कापड विकणारा. त्याचं जन्मात काही रंगलं असेल तर पानाने तोंड.

डब्याच्या कागदावर एका अंगाला लक्ष्मी आणि दुसऱ्या अंगाला धुराड्यांचं गाव. दौलतने कात्रीने लक्ष्मी वेगळी केली, देव्हाऱ्यात ठेवली. गाव मात्र कपडे आपटायच्या दगडावर चिकटवलं आणि रोज सकाळी ओल्या पिळ्याने त्याला बडवू लागला. आळीतली माणसं दात घासत बघायला यायची.

गावाची कुंडली कळली ती इनासकडून. इनास ठाण्याचा किरिस्ताव, आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा. बोट दुरुस्तीला अडकली तेव्हा तो कोळसा वाहणाऱ्या पडावात बसून नदीने वर, थेट त्या गावापर्यंत गेलेला.

"तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं," इनास म्हणाला, "त्याच्या लहानपणी तिथे नुसती शेतं. पलीकडच्या काठाला मोठं शहर. त्या शहराने कारखान्याला जागा दिली नाही, म्हणून कारखानेवाले नदी ओलांडून आले नि धुराडी उभी केली. आता कोळशाच्या डांबरातून लाल काढतात."

"डांबरातून?"

"तर. फ्रान्सात लाल मुळ्या पिकवणारे शेतकरी होते, ते आधी बुडाले. मग तुझा नंबर."

"म्हणजे गावाला सवयच आहे," दौलत म्हणाला. त्या दिवशी त्याला सगळ्यात आवडलं ते त्यांचं नदी ओलांडणं. जागा नाकारणाऱ्याच्या नाकासमोर धूर सोडायचा, हे त्याला फार पटलं. आपल्या हातात काय आहे, याचा तो विचार करू लागला.

पुढे पोपटला हाव सुटली. डबे विकण्यापेक्षा आपणच रंगवावं. पहिलं काम त्याने धरलं ते इनासच्या मुलीच्या, एडनाच्या लग्नाच्या लुगड्याचं. इनासची बायको स्टेला दौलतकडे येणार होती, ती पोपटच्या स्वस्त भावाला भुलली.

आता पोपट नारळ घेऊन दौलतच्या दारात आला. रंगाऱ्यांत रीत अशी, की नारळ ठेवून विचारणाऱ्याला खोटं सांगायचं नाही.

"दाजी, डब्यातल्या रंगाला तुरटी लागते का हो?"

"लागते. तुरटीवाचून रंग धरत नाही."

"बस, एवढंच होतं. बाकी सगळं साहेबाने डब्यात भरलंय."

दौलतने त्याला चहा पाजला. तेलात भिजवल्यावाचून डब्यातला रंगही पाण्यात सुटतो, पण तेलाबद्दल पोपटने विचारलं नव्हतं.

तो गेल्यावर मालन दारात आली. "तेलाचं सांगायचं होतं ना."

"विचारलं तेवढं सांगितलं. नारळाचा मान राखला."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणून तर चहा पाजला."

लग्नाला दौलत सगळ्यांच्या आधी हजर. त्या लोकांत विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्याने नवरीला न्हाऊ घालतात. एडना नवं लुगडं नेसून पाटावर बसली. पहिला तांब्या ओतला आणि लाल ओघळ पायांवरून अंगणात गेले. दुसऱ्याला करवलीचा पांढरा झगा रंगला. बायका ओरडल्या, रक्त आलं म्हणून. एडना रडायला लागली. पोपट मांडवामागून पळाला तो परत दिसलाच नाही. पुढे आंबिवलीकडे कुठेतरी विड्या विकतो असं कळलं.

दौलतने ते सगळं डोळे भरून पाहिलं. मग तो इनासजवळ गेला. "माझ्याकडे यायचं होतं रे. आताही नवं करून देतो."

इनास मुलीकडे बघत होता. "तुझा नि त्याचा फरक आमच्या बायकांना काय सांगू? त्या म्हणतात, कल्याणचा लाल सुटतो. मी पुढच्या बोटीने रंगवलेलं कापडच आणतो तिकडून."

"कुठून?"

"त्याच गावाकडून. आणखी कुठून."

त्याने आणलं. पाहुण्यांनी मागवलं, मग पाहुण्यांच्या पाहुण्यांनी. दौलतच्या दारात तेलाचा वास येईनासा झाला.

मालन एकदा ताट वाढताना म्हणाली, "भावाचं वाटोळं केलंत. आपलंही झालं."

"आपलं त्या गावाने केलं," दौलत म्हणाला. "पोपटचं मी केलं. दोन्ही एकात घालू नकोस."

आणि त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.