दोन्ही शाळांचे जनूभाऊ

जनूभाऊ मैदान झाडत नसत. उकिडवे बसून तळहाताने माती चाचपत पुढे सरकत. काच, खिळा, टोकदार खडा, जे सापडेल ते शर्टाच्या खिशात. मुर्धा गावाच्या त्या मैदानावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, या माणसाचं काहीतरी हरवलंय. मीही शोधायला वाकले. ते म्हणाले, "हरवलं काय न्हाय, बाय. पोरी पडतील तवा माती चावाया नको."

मी नवघरच्या एका शाळेत मराठी शिकवते. खेळाच्या बाई सोडून गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. शाळेला मैदान नाही, कवायत गच्चीवर. जनूभाऊ महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, गावचं कबड्डी मंडळ सांभाळणारे. गावातली मुलं कामाधंद्याला लागल्यामुळे मंडळाचं मैदान ओस पडलं होतं. एक दिवस ते स्वतःच शाळेत आले. "तुमच्याकडं पोरी हायेत, आमच्याकडं माती हाय. जमवू."

मुख्याध्यापिकांना करार हवा होता. "उद्या एखादी पडली तर जबाबदार कोण?"

"पडली तर मी उचलीन. कागद उचलील काय?" असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली. त्यांची अट एकच, निवड चाचणी घ्यायची नाही. मी चपळ बारा मुलींची यादी करून नेली होती. त्यांनी ती न वाचताच घडी घालून परत दिली. "येईल ती खेळंल."

आल्या एकतीस. त्यांत स्नेहल कांबळे होती. वडील परभणीकडचे, इथे एका सोसायटीत वॉचमन. हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती वर्षभरात अशी चढाई करू लागली, की समोरच्या सातजणी मागे सरकत. माझ्या यादीत ती कधीच आली नसती.

आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमच्यासमोर गोडदेवची शाळा होती. सामन्याआधी त्यांच्या मुली धावत आल्या आणि एकामागून एक जनूभाऊंच्या पाया पडल्या. मला काही समजेना. मग कळलं, वर्षभर सकाळी त्या आणि संध्याकाळी आमच्या, मैदान तेच आणि शिकवणारेही तेच. जनूभाऊंनी खुर्ची उचलली आणि बरोबर मध्यरेषेच्या टोकाशी मांडली. ना इकडे, ना तिकडे.

शेवटच्या चढाईत आम्ही एका गुणाने मागे होतो. स्नेहलने पाय फेकला आणि गोडदेवच्या मुस्कानने तिचा घोटा नेमका धरला. आम्ही हरलो. तोंडावरची माती पुसत स्नेहलने विचारलं, "भाऊ, ही पकड तिला तुम्हीच शिकवली ना?"

"हां. आन् तुला पाय फेकाया पन मीच शिकवला."

ही कबुली होती की समजूत, मला कळलं नाही.

मुख्याध्यापिकांनी करार संपवल्याचं पत्र लिहून माझ्या हातात दिलं. "हा सरळ विश्वासघात आहे." मीही चिडलेच होते. पत्र घेऊन मुर्ध्याला गेले. "भाऊ, निदान सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर धाडल्या असत्या पोरी?"

नसत्याच धाडल्या. मग माझा राग नेमका कशावर होता? मी पत्र न देताच परतले. का, तेही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी, सराव बंद होणार हे कानावर गेलेली स्नेहलची आई मुख्याध्यापिकांसमोर उभी राहिली. "म्याडम, माझी लेक घरात बोलाया लागलीय. जोरात हसती. हे बंद नका करू." पत्र अजून माझ्याकडेच असल्याचं मी तेव्हा सांगितलं. मुख्याध्यापिकांनी ते मागून घेतलं आणि फाडलं. वर म्हणाल्या, "पण आता दोन्ही शाळांचा सराव एकत्र होऊ दे. लपवाछपवी नको."

पुढच्या हंगामात मंडळाच्या नावाने मुलींचा एकच संघ जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरला. स्नेहल चढाईला, मुस्कान पकडीला. उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, म्हाताऱ्याचा बेत पहिल्यापासून हाच असणार!

नंतर काही महिन्यांनी जनूभाऊंना अर्धांगाचा झटका आला. भेटायला गेले तेव्हा न राहवून विचारलं, "हे सगळं तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?"

ते अर्ध्या ओठांनी हसले. जड जिभेने, थांबत थांबत म्हणाले, "कसलं ठरवतोय, बाय? दोनीकडं पोरी व्हत्या. कुनाला न्हाय म्हनू, तेच कलंना."

दोन दिवसांनी ते गेले. मी धावतपळत मुर्ध्याला पोचले तर घरासमोर दोन्ही शाळांच्या मुली आधीच आलेल्या. मुस्कानचा हात स्नेहलच्या खांद्यावर होता. आपल्या मुलींना एका बाजूला घ्यावं म्हणून मी आमची रांग शोधू लागले. रांग नव्हतीच. मी तशीच त्यांच्यात जाऊन उभी राहिले.